परक्या घरी वर्षभर: ठाणे-नवी मुंबईतून एक्स्चेंजला निघालेल्यांसाठी

शाळकरी वयात वर्षभर परदेशात जायचं, तिथल्या कुटुंबात राहायचं आणि तिथल्याच शाळेत शिकायचं, याला आपल्याकडे सरसकट ‘एक्स्चेंज’ म्हणतात. निघण्याआधी घरातली सगळी ताकद व्हिसा, तिकीट आणि बॅगेच्या वजनावर खर्च होते. ती कामं धावपळ करून का होईना, होऊन जातात. वर्ष मजेत जाणार की ढकलत काढावं लागणार, हे मात्र यजमानांच्या स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये ठरतं. जाणाऱ्या मुलांच्या तयारीच्या बैठकांना बसून माझं हे मत पक्कं झालंय, त्यामुळे या लेखात कागदपत्रांना जागा कमी आणि ओल्या टॉवेलला जास्त आहे.

बराचसा मजकूर जाणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, म्हणून ‘तू’ म्हणतेय. पालकांशी बोलायचं तिथे तसं सांगेन.

कोणामार्फत जायचं

आपल्या भागात सगळ्यात ओळखीचा रस्ता रोटरीचा, म्हणजे समाजसेवा करणाऱ्या क्लबांच्या जगभरच्या संघटनेचा. रोटरी युथ एक्स्चेंजमध्ये साधारण 15 ते 19 वयाची मुलं घेतात. लाँग टर्म म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्ष, आणि त्यात बहुधा दोन ते चार कुटुंबांकडे आळीपाळीने राहायचं असतं. शॉर्ट टर्म काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत असते. ठाणे, नवी मुंबईचे क्लब रोटरीच्या 3142 डिस्ट्रिक्टमध्ये येतात. आईबाबा रोटेरियन असायलाच हवेत असं नाही. जवळच्या क्लबमध्ये ‘युथ एक्स्चेंजचं काम कोण बघतं?’ एवढं विचारलं तरी धागा हाती लागतो. राहणं, जेवण, शाळा आणि महिन्याचा थोडा हातखर्च तिकडचा क्लब बघतो. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा, ब्लेझर आणि अडीनडीसाठी बाजूला ठेवायची रक्कम आपल्याकडे.

दुसरं नाव एएफएस. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका-चालकांपासून ही संघटना सुरू झाली आणि 1947 पासून ती शाळकरी मुलांची देवाणघेवाण करते. इथे फी भरावी लागते, काही शिष्यवृत्त्याही असतात. अमेरिकन सरकारच्या पैशातून चालणारा केनेडी-लुगर यस कार्यक्रम 2002 साली सुरू झाला. त्यात निवड झाली तर खर्चाचा मोठा भार उतरतो, पण सरकारी पैशाचे कार्यक्रम कधी आखडतात, कधी पसरतात, तेव्हा त्या वर्षी अर्ज घेतायत का ते आधी बघ.

पालकांनो, एखादा एजंट ‘होस्ट फॅमिली’ म्हणत असेल तर त्याला सरळ विचारा की त्या कुटुंबाला महिन्याला किती पैसे देता. खऱ्या एक्स्चेंजमध्ये कुटुंबं हौसेने मूल घरात घेतात, भाडं लावत नाहीत. पैसे देऊन राहण्यात गैर काही नाही, पण ते पेइंग गेस्ट झालं. त्याची अपेक्षाही वेगळी आणि वागणंही वेगळं.

कुठलं वर्ष

दहावीनंतरचं, असं माझं स्पष्ट मत. अमेरिकेच्या शाळकरी एक्स्चेंजच्या जे-वन व्हिसाला शाळा सुरू होताना वय 15 ते साडेअठराच्या आत लागतं आणि बालवाडी सोडून अकरापेक्षा जास्त इयत्ता झालेल्या चालत नाहीत. म्हणजे ‘बारावी झाली की निवांत जाऊ’ हा बेत तिथेच संपतो. अडचण अशी की उत्तर गोलार्धात निघायचं ऑगस्टच्या आसपास असतं, पण अर्ज आणि मुलाखती आधीच्या वर्षी होतात. दहावीची प्रिलिम आणि एक्स्चेंजची मुलाखत एकमेकींच्या पायात येतात. शाळेतल्या बाईंना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तिकडचं वर्ष इथे अकरावी म्हणून धरलं जाईल या भरवशावर राहू नये. परत येऊन अकरावीला प्रवेश घ्यायचा, असंच गृहीत धरायचं. कॉलेज गॅपबद्दल प्रतिज्ञापत्र मागू शकतं, ते फार अवघड काम नाही. क्लासवाले ‘वर्ष फुकट जाईल’ म्हणतात, पण जेईई मेनची पात्रता बारावीच्या वर्षापासून मोजतात, दहावीच्या नाही. पालकांनी एवढंच करावं की निवडीचा निकाल हातात येईपर्यंत कॉलेज आणि जेईईची तयारी एकत्र करून घेणाऱ्या इंटिग्रेटेड क्लासची फी भरून टाकू नये.

कागद आणि सुया

पासपोर्टसाठी ठाण्याचं सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तेवढाच मिळतो. त्यामुळे सतराव्या वर्षी परदेशात असताना तो संपण्याची पाळी येऊ शकते. पंधरा पूर्ण असतील तर पूर्ण फी भरून दहा वर्षांचा मागता येतो, तोच मागावा. आईवडील दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र, म्हणजे अनेक्शर डी, विसरू नये. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येतं. तिकडच्या शाळेने ते पाहून नोंद केली तर पूर्ण वर्ष कुलकर्णी किंवा पाटील याच नावाने हाक ऐकावी लागेल, म्हणून प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टवरचीच मांडणी ठेव.

लसींचं काम आधी हाती घे, कारण त्याला महिने लागतात. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची एमआर लस असते, गालगुंडाची नसते. अमेरिकन शाळा गालगुंडासकटची एमएमआर मागतात, दोन डोस. कांजिण्यांची लसही बहुतेक ठिकाणी विचारतात. दुसरी गोष्ट टीबीची. जन्मल्यावर टीबीची बीसीजी लस घेतलेली असल्याने हातावर टोचून करायच्या मॉन्टू टेस्टमध्ये हातावर फुगवटा येऊ शकतो आणि तिकडची नर्स घाबरते. अशा वेळी रक्ताची इग्रा चाचणी उपयोगी पडते, कारण तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड शोधून डॉक्टरांकडून त्याची इंग्रजीत सही-शिक्क्याची यादी करून घे.

यजमानांना पत्र

अर्जासोबत यजमान कुटुंबाला उद्देशून एक पत्र असतं. कुठल्या घरी तुला पाठवायचं हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरतं, आणि मुलं तिथेच थापा मारतात. ‘मला स्वयंपाकात मदत करायला आवडतं’ असं लिहिणाऱ्याने चहाला आधणही ठेवलेलं नसतं. ‘मला निसर्ग आवडतो’ म्हणणाऱ्याला येऊरच्या जंगलात जायचा कंटाळा. मग त्याची रवानगी कुत्रे, घोडे पाळून शेतावर राहणाऱ्या कुटुंबाकडे होते आणि दोन्ही बाजूंनी तोंडं पडतात. कुत्र्याची भीती वाटत असेल तर तसं लिही. उशिरा उठायची सवय असेल तर तेही लिही, फक्त बदलायची तयारी आहे हे त्यासोबत येऊ दे. आईने लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं.

जायच्या आधी घरी करायची तालीम

निवड झाली की त्या दिवसापासून स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, वाळत घालायचे, घडी करायचे. आपल्याकडे भांडी-लादीला मावशी येतात, त्यामुळे ताट सिंकमध्ये ठेवलं की काम संपलं अशी सवय असते. तिकडे बहुतेक घरांत कोणी येत नाही. जेवणानंतर टेबल आवरणं, डिशवॉशर लावणं, कचरा बाहेर ठेवणं, ही घरातल्या मुलांची कामं आहेत आणि आता तूही त्या घरातलं मूल आहेस.

चार पदार्थ शिक, पण तिकडच्या कुठल्याही दुकानातल्या सामानात होणारे: मुगाची नाहीतर साधी डाळ-तांदळाची खिचडी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, रव्याचा शिरा. पुरणपोळीच्या वाटेला जाऊ नये. आणि फोडणी देताना एक लक्षात ठेव: तिकडे घराच्या छताला धुराचे अलार्म असतात. आपल्या मोहरी-मिरचीच्या फोडणीने तो कर्कश वाजायला लागला की सगळं कुटुंब जिन्यावरून धावत येतं. आधी खिडकी उघड, पंखा लाव, तेल धुरकट होऊ देऊ नकोस आणि मिरची निम्म्याहून कमी घाल.

बॅग

आजीने हातावर ठेवलेला नारळ घरीच देवापुढे ठेव. सुकं खोबरं पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं, त्यामुळे ते चेक-इन बॅगेत चालत नाही आणि मुंबई विमानतळाच्या टी-टूवर बॅग उघडून काढायला लावतात. खसखस कशातच नको. दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असशील तर मुळीच नको, कारण यूएईमध्ये तिच्यावर बंदी आहे. युरोपियन युनियनमध्ये प्रवाशांना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तुपाची बरणीही राहिली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते. लपवली तर दंड होतो. गोडा मसाला, हळद, हिंग घट्ट बंद करून थोडं ने, बास.

भेटवस्तू हलक्या आणि प्रत्येक घरासाठी वेगळ्या पुडीत बांध, नाहीतर पहिल्याच घरी सगळं वाटून मोकळं होशील आणि तिसऱ्या घरी रिकाम्या हाताने उभं राहावं लागेल. आपल्याच भागातली वारली चित्रं बॅगेत मावतात आणि दाखवताना बोलायलाही विषय मिळतो. रोटरीने जाणार असशील तर मूठभर पिना घे. सगळ्या देशांची मुलं भेटली की ब्लेझरवर लावायला पिनांची अदलाबदल करतात.

तिकडच्या क्लबात किंवा शाळेत आपल्या गावाबद्दल बोलावं लागतं. सगळे ताजमहाल दाखवतात, तू दाखवू नकोस. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघाली ती ठाण्याला पोचली, हे सांग. ठाणे खाडीत फ्लेमिंगो येतात आणि तिथे 2015 पासून त्यांचं अभयारण्य आहे, त्याचा स्वतः काढलेला फोटो दाखव. नवी मुंबईचा असशील किंवा असलीस तर 1970 साली सिडको स्थापन करून खाडीपलीकडे आख्खं शहर कसं आखलं, यावर दहा मिनिटं सहज निघतात.

पहिली रात्र

इथे जरा थांबून वाच. पोचल्यावर झोप अनावर होते, तरी पहिल्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी यजमानांसोबत बसून प्रश्न विचारायचे. रोटरीत ‘फर्स्ट नाइट क्वेश्चन्स’ची छापील यादीच मिळते. नसेल तर वहीत लिहून ने.

पहिला प्रश्न, मी तुम्हाला काय म्हणू? आपण शेजाऱ्यांनाही काका-काकू म्हणतो, तिकडे पन्नाशीतल्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायची म्हटलं तर जीभ अडखळते. त्यांनी नाव सांगितलं की नावानेच हाक मार. मुलं अवघडून महिनोन्‌महिने कुठलीच हाक मारत नाहीत, समोर जाऊन ‘एक्स्क्यूज मी’ म्हणून उभी राहतात. त्यापेक्षा नाव बरं.

मग बाथरूम. आपल्या बाथरूमच्या फरशीला उतार असतो आणि कोपऱ्यात जाळी, त्यामुळे बादलीने पाणी कुठेही सांडलं तरी वाहून जातं. अमेरिका-युरोपातल्या बहुतेक घरांत पाणी जायची वाट फक्त टबात किंवा शॉवरच्या चौकटीत असते. शॉवरचा पडदा टबाच्या आत सोडायचा. बाहेर राहिला तर पाणी फरशीत मुरतं आणि खालच्या खोलीच्या छताला डाग पडतो. आंघोळ कधी करायची, किती वेळ, गरम पाण्याची टाकी किती जणांना पुरते, ओला टॉवेल कुठे टाकायचा, केस कुठे टाकायचे, हे सगळं विचार. जेट स्प्रे नसतो. बाटली भरून नेलीस तरी चालेल, पण जमीन कोरडी राहिली पाहिजे. जपानला जाणार असशील तर अजून वेगळं: तिथे टबाबाहेर बसून साबण लावून अंग धुवायचं, स्वच्छ होऊन मगच टबात उतरायचं, आणि बाहेर आल्यावर बूच काढायचं नाही. त्याच पाण्यात घरातले बाकीचे बसणार असतात.

जर्मनीत कचऱ्याचे वेगवेगळे डबे समजून घे, आणि रिकाम्या बाटल्या टाकू नकोस. एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, दुकानात परत दिली की मिळते. रात्री दहानंतर आणि रविवारी तिथे आवाज नको असतो. घरचा वायफाय, फ्रिजमधलं काय विचारून घ्यायचं आणि काय न विचारता, खोलीचं दार बंद ठेवलं तर चालतं का, रात्री किती वाजेपर्यंत घरी यायचं, हेही त्याच बैठकीत. तिसऱ्या आठवड्यात हे प्रश्न विचारले तर ते तक्रारीसारखे वाटतात, पहिल्या रात्री सगळ्यांना बरंच वाटतं.

जेवण

‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढं सांगून भागत नाही. कित्येक ठिकाणी मासे किंवा चिकनचं सूप त्यात बसतं असं लोकांना मनापासून वाटतं. यादी दे: हे खातो, हे नाही, अंडं चालतं, चीज चालतं. सुपाचा आधार बहुधा हाडांचं पाणी असतं आणि जेलीत, मार्शमेलोत प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन. आगरी-कोळी, सीकेपी घरांतून आलेली मुलं मासे-मटण आवडीने खातात, पण बीफ नको असतं. तेही आधीच आणि कारण न उगाळता सांगायचं. उपवास करणार असशील तर तेवढे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेव.

आपल्याकडे ‘नको, नको’ म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला वाढून घ्यायचं ही रीत. तिकडे एकदा नको म्हटलं की भांडं पुढे सरकतं. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हण. वेळाही वेगळ्या: बऱ्याच अमेरिकन घरांत सहाला रात्रीचं जेवण उरकतं, जर्मनीत संध्याकाळी अनेकदा पाव, चीज असं थंडच, स्पेनमध्ये नऊ-दहाच्या आधी कोणी बसत नाही. आणि रोज जेवण झाल्यावर थँक यू म्हण. आपण आईला म्हणत नाही, इथे म्हणायचं.

फोन

पालकांनो, हा भाग तुमचा. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. ठाण्यात रात्री नऊला जेवून तुम्ही व्हिडिओ कॉल लावता तेव्हा तिकडे सकाळचे साडेअकरा, मूल वर्गात. जर्मनीत तेच साडेपाच, म्हणजे यजमान घरी आलेत आणि टेबल मांडतायत अशी वेळ. मुलाने खोलीत बसून तुमच्याशी तासभर बोलायचं आणि बाहेर त्याची वाट पाहायची, हे कुठल्याही घराला आवडणार नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा तास. तेवढंच पुरतं. सुरुवातीला रडणं ऐकू येईल. जेवलास का, काय जेवलीस, याऐवजी आज कोणाशी बोललं, ते विचारा.

ऑगस्टमध्ये पोचलं की पाठोपाठ गणपती येतात आणि मन इकडेच धावतं. आरतीच्या वेळी दहा मिनिटं फोन लाव आणि यजमानांनाही बोलावून दाखव. दिवाळी येते तेव्हा तिकडे थंडी आणि अंधार वाढलेला असतो. बहुतेकांना त्याच सुमारास सगळ्यात जड जातं, त्यामुळे त्या आठवड्यात खोलीत एकटं बसायचं नाही असं आधीच ठरव. शिरा कर, पणत्या लाव, यजमानांच्या नातेवाइकांनाही बोलावून घे.

नियम

रोटरीत चार ‘डी’ प्रसिद्ध आहेत: ड्रिंकिंग, ड्रायव्हिंग, डेटिंग, ड्रग्ज. चारही बंद. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर कायद्याने चालते, वर्गातली मुलं समोर पितात, पण तुझ्यावर प्रोग्रामचा नियम आधी लागू होतो आणि त्यावरून परत पाठवतात. डेटिंगच्या नियमावर मुलं हसतात. त्यांना मी एवढंच सांगते की नियम फॉर्मवर सही करायच्या आधी वाचायचा असतो.

घर बदलणं, आणि खरंच बिनसलं तर

काही महिन्यांनी दुसऱ्या घरी जायचं असतं. पहिल्या घराची तुलना दुसऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर करायची नाही. चुलत घरात गेल्यावर मोठ्या काकूंच्या आमटीचं कौतुक धाकट्या काकूंसमोर आपण करत नाही, तसंच.

किरकोळ खटका आणि धोका यांतला फरक ओळखायला शीक. यजमान कडक आहेत, कंजूस वाटतात, त्यांची मुलं बोलत नाहीत, हा खटका. आधी त्यांच्याशीच बोल, मग काउन्सेलरशी. रोटरीत काउन्सेलर यजमान कुटुंबाबाहेरचा असतो, तो याचसाठी. अमेरिकेत जे-वनच्या नियमाप्रमाणे तुझा लोकल को-ऑर्डिनेटर 120 मैलांच्या आत राहणारा हवा, त्याने महिन्यातून एकदा तरी तुझ्याशी संपर्क ठेवायचा असतो, आणि त्या घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची गुन्हेगारी नोंद आधी तपासलेली असते.

कोणी नको तिथे हात लावला, नको तसं बोललं, दारूच्या नशेत गाडी चालवायला लागलं, खोलीत न विचारता शिरायला लागलं, तर तो धोका. तिथे सभ्यपणा दाखवत बसायचं नाही. घराबाहेर पड, काउन्सेलरला फोन लाव, गरज पडली तर पोलिसांना: अमेरिकेत 911, युरोपात 112. हे नंबर, काउन्सेलरचा आणि प्रोग्रामचा चोवीस तासांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, कारण मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. पालकांनो, मूल असं काही सांगत असेल तर ‘थोडं ॲडजस्ट कर’ हे वाक्य तोंडातून काढू नका. आधी विश्वास ठेवा, मग ज्या संस्थेमार्फत पाठवलं तिच्या इथल्या समितीला फोन करा. घर बदलून दिलं जातं, आणि बदललं म्हणून मुलाच्या नावावर काही काळा शेरा लागत नाही.

परतीला निघायच्या आधी

शेवटच्या आठवड्यात निरोपाच्या पार्ट्यांत एक काम राहून जातं. तिकडच्या शाळेच्या ऑफिसातून उपस्थितीचं पत्र आणि गुणांचं ट्रान्सक्रिप्ट सही-शिक्क्यासकट मूळ प्रतीत हातात घे. उत्तर गोलार्धात उन्हाळी सुट्टी लागली की ऑफिस बंद असतं, मेलला उत्तर येत नाही आणि इकडे अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात.